पशुवैद्यकीय विद्यार्थी गावात येतात तेव्हा: ते कुठे शिकतात, कुठे सेवा देतात आणि पशुपालकांनी काय पाहावं

पशुवैद्यकीय दवाखान्याची गाडी गावात आली की हल्ली डॉक्टरांबरोबर दोन-तीन तरुण मुलं-मुली उतरताना दिसतात. अंगात अ‍ॅप्रन, पायात गमबूट, पाठीला सॅक. गावातली माणसं त्यांनाही डॉक्टरच म्हणतात. प्रत्यक्षात ते अजून शिकत असतात. व्हेटर्नरी कॉलेजमधून वर्षभराच्या आंतरवासितेसाठी, म्हणजे इंटर्नशिपसाठी आलेले असतात. आपल्या गायीला, म्हशीला यांनी हात लावावा का, सुई टोचू द्यावी का, नाही म्हटलं तर डॉक्टरांना राग येईल का, असे प्रश्न पशुपालकांच्या मनात असतात, पण तोंडावर कोणी विचारत नाही. दुसरीकडे बारावी सायन्सला असलेल्या मुलामुलींच्या आईवडिलांना या शिक्षणात नेमकं काय असतं हेच ठाऊक नसतं. दोघांच्याही उपयोगाची माहिती इथे दिली आहे.

साडेपाच वर्षांचं शिक्षण

या पदवीचं नाव पशुवैद्यकशास्त्र व पशुसंवर्धन, लोकांच्या तोंडी बी.व्ही.एस्सी. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या नियमांनुसार हा अभ्यासक्रम साडेचार वर्षं कॉलेजात आणि त्यापुढे एक वर्ष आंतरवासिता असा आहे. प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवर होतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. गणित घेतलं नसेल तरी चालतं. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा देशपातळीवरच्या कोट्यातून भरल्या जातात, बाकीच्या राज्यातल्या मुलांसाठी असतात.

महाराष्ट्रात ही सरकारी कॉलेजं नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. लोक त्याला 'माफसू' म्हणतात. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि सातारा जिल्ह्यातलं शिरवळ ही जुनी ठिकाणं. अकोल्याला पदव्युत्तर संस्था आहे. यात मुंबईचं कॉलेज सर्वांत जुनं, १८८६ सालचं. परळला ज्या दवाखान्याच्या आवारात ते सुरू झालं त्याला मुंबईतली माणसं अजूनही 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतात. तेव्हा शहरात ओढकामाला बैल आणि घोडेच होते, त्यावरून ते नाव पडलं. आता तिथे कुत्री-मांजरंच जास्त येतात.

शहरातल्या दवाखान्यात शिकलेल्या मुलाला कुत्र्याचा एक्स-रे वाचता येईल, पण अडलेली म्हैस रात्री अकराला टॉर्चच्या उजेडात कशी सोडवायची, हे त्याला गोठ्यातच कळणार. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात साधारण ३ कोटी ३० लाख पशुधन मोजलं गेलं. त्यातलं बहुतेक सगळं गावात, वाडी-वस्तीवर आहे. म्हणून आंतरवासितेच्या वर्षात मुलांना कॉलेजच्या दवाखान्याबरोबर सरकारी दवाखाने, पशुधन प्रक्षेत्र, रोगनिदान प्रयोगशाळा, कुक्कुटपालन, प्राणिसंग्रहालय अशा ठिकाणी फिरतीवर पाठवलं जातं. या काळात विद्यावेतनही मिळतं. ते वर्ष पूर्ण झाल्याशिवाय कायम नोंदणी मिळत नाही.

हात घालून शिकायची विद्या

या शिक्षणात काही गोष्टी पुस्तकातून येतच नाहीत. गाभण तपासणी हे त्याचं ठळक उदाहरण. गायीच्या गुदद्वारातून हात घालून आतड्याच्या भिंतीपलीकडची गर्भपिशवी चाचपायची असते. डोळ्यांना काही दिसत नाही, सगळा खेळ बोटांचा. जाणता डॉक्टर दोन महिन्यांच्या आसपासचा गाभ सांगतो. नव्या मुलाला पहिल्या काही वेळा शेणाशिवाय काहीच लागत नाही. मग कधीतरी गर्भपिशवीचं तोंड बोटाला लागतं, नंतर शिंगं, नंतर बीजांडं. बऱ्याच गायी तपासल्याशिवाय हात बसत नाही. कॉलेजच्या गोठ्यातल्या ठराविक गायींवर सगळ्या वर्गाचा हात बसणं अवघड. म्हणून वंध्यत्व निवारण शिबिरं विद्यार्थ्यांसाठी सोन्यासारखी असतात. एका सकाळी चाळीस-पन्नास जनावरं खोड्यात येतात. कुणी माजावर येत नाही, कुणी उलटतेय, कुणाचा माज मुका आहे. प्रत्येक गायीची तऱ्हा वेगळी.

पशुपालकाने इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकाच गायीला एकामागून एक चार जणांनी हात घालणं बरोबर नाही. आतडं सुजतं, कधी रक्त येतं. हातमोज्यावर रक्त दिसलं की तपासणी थांबवायची, हा शिकवणीतलाच नियम आहे. गाभ कोवळा असताना उगाच चाचपडणंही धोक्याचं. "साहेब, एकाच विद्यार्थ्याने तपासावं, मग तुम्ही खात्री करा," असं मालकाने म्हटलं तर कुठलाही चांगला डॉक्टर ऐकतो. नखं कापलेली हवीत, अंगठी काढलेली हवी, हातमोजा प्रत्येक जनावराला नवा हवा.

बाळंतपणाचंही तसंच. वासराचे पुढचे पाय आणि तोंड सरळ आहे की मान मागे वळलीय, हे बाहेरून ओढून कळत नाही. आधी आत ढकलून सरळ करावं लागतं, मग ओढायचं. आपल्याकडे अजूनही काही ठिकाणी दोरी बांधून पाच-सहा माणसं जोर लावतात, एखादा ट्रॅक्टरही लावतो. त्यात वासरू तर जातंच, गायीचं अंगही फाटतं. अशा वेळी डॉक्टरांबरोबर असलेला विद्यार्थी जे शिकतो ते त्याला आयुष्यभर पुरतं. आणि मालकालाही कळतं की जोर कुठे लावायचा नसतो.

लंपीच्या काळात काय झालं

विद्यार्थ्यांची सेवा गावाला किती उपयोगी पडते हे २०२२ मध्ये दिसलं. त्या वर्षी लंपी चर्मरोगाचं पहिलं जनावर राज्यात ४ ऑगस्टला जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावल इथे आढळलं. बघता बघता रोग जिल्ह्याजिल्ह्यांत पसरला. बैलबाजार बंद झाले, शर्यती थांबल्या, पोळा घरच्या घरी करावा लागला. सरकारी दवाखान्यांत आधीच माणसं कमी. तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गायी-बैलांना टोचण्याची मोहीम निघाली आणि त्यात आंतरवासितेच्या विद्यार्थ्यांनाही कामाला घेतलं गेलं.

सुई टोचायला शिकणं त्यातला सोपा भाग. अवघड भाग होता लस थंड ठेवणं. २ ते ८ अंश तापमानातच ती टिकते, म्हणजे बर्फाचा डबा सकाळपासून संध्याकाळपर्यंत जपायचा. विरघळवलेली बाटली ठराविक वेळेतच संपवायची. एका जनावराची सुई दुसऱ्याला वापरायची नाही. आणि सगळ्यात मोठं काम मालकाशी बोलणं. "लस टोचल्यानेच गाय आजारी पडली," असं म्हणणारा प्रत्येक गावात भेटतो. त्याच्याशी न भांडता, गाठ येणं आणि एक-दोन दिवस ताप येणं यातला फरक समजावून सांगणं हे कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत, पण डॉक्टर होण्यासाठी तेच लागतं.

लाळ-खुरकुताच्या लसीकरणाच्या फेऱ्या, कानात बारा आकडी बिल्ला मारणं आणि त्याची नोंद अ‍ॅपवर करणं, या कामांतही विद्यार्थी हातभार लावतात. पावसाळ्याआधीचं घटसर्प-फऱ्याचं आणि शेळ्यामेंढ्यांचं आंत्रविषाराचं लसीकरण हीसुद्धा शिकायची चांगली संधी असते. एकेका मेंढपाळाकडे शंभर-दोनशे मेंढ्या असतात, दिवसभरात हात चांगला चालतो.

कायदा काय सांगतो

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. त्याच्या कलम ३० प्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्यकालाच जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार आहे. पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्यांना राज्य सरकार आदेश काढून किरकोळ सेवांची परवानगी देऊ शकतं, पण तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. विद्यार्थ्याला वेगळा अधिकार नाही. आंतरवासितेच्या आधी त्याची राज्य पशुवैद्यक परिषदेकडे तात्पुरती नोंदणी होते, पण ती शिकण्यापुरती. स्वतःच्या नावाने बाहेर व्यवसाय करायची ती परवानगी नाही.

सोप्या भाषेत सांगायचं तर, डॉक्टर शेजारी उभे असताना विद्यार्थी जनावर तपासू शकतो, ताप बघू शकतो, इंजेक्शन देऊ शकतो, टाके घालू शकतो. एकट्याने रविवारी मोटारसायकलवर येऊन सलाईन लावू शकत नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलाने तर नाहीच. गावचाच पोरगा, व्हेटर्नरीला लागलाय, सुट्टीला आलाय, मग "बाळा, जरा आमच्या म्हशीला बघ की" असा आग्रह होतो. पोराचीही अडचण होते, नाही म्हणता येत नाही. पण म्हैस दगावली तर बोल त्याच्यावर येणार आणि पुढची नोंदणीही अडचणीत येऊ शकते. काकांनी-मामांनी तो आग्रह न केलेलाच बरा. ताप मोजायला सांगावं, गोचीड बघायला सांगावं, डॉक्टरांना फोनवर नीट लक्षणं सांगायला लावावं. ते तो बरोबर करेल.

अँटिबायोटिकचा विषयही इथेच येतो. दगडीचं इंजेक्शन दिल्यावर ठराविक दिवस दूध डेअरीला घालायचं नसतं. कुठलं औषध, किती दिवस, हे लिहून देणारा नोंदणीकृत डॉक्टरच हवा.

विद्यार्थ्याच्या जिवाचा प्रश्न

याबद्दल फार कमी बोललं जातं. जनावरांकडून माणसाला होणारे काही रोग विद्यार्थ्यालाच आधी गाठतात, कारण त्याला हौस असते आणि अनुभव नसतो.

पिसाळलेलं कुत्रं चावलेली गाय किंवा म्हैस काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी आजारी पडते. तोवर कुत्र्याची गोष्ट घरातले विसरलेले असतात. ती खात नाही, तोंडातून लाळ गळते, घोगरं हंबरते, गिळता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, घशात काहीतरी अडकलंय. मग विद्यार्थी, मालक, शेजारी, सगळे तिच्या तोंडात हात घालून बघतात. रेबीज झालेल्या जनावराची लाळ हाताच्या छोट्याशा जखमेतून आत गेली तरी पुरे आहे आणि लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज नाही. म्हणून या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी लस आधीच घेऊन ठेवायची असते: पहिल्या दिवशी, मग सातव्या दिवशी आणि त्यानंतर २१ व्या किंवा २८ व्या दिवशी. ती घेतलेली असली तरी संशय आला की जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि दवाखान्यात जाऊन पुढचे डोस घ्यायचे. मालकाचं काम एकच, गेल्या काही महिन्यांत कुत्रं चावलं होतं का, हे आठवून आधी सांगणं. लपवायचं नाही.

दुसरा रोग ब्रुसेलोसिस. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गायीने गाभ टाकला, वार अडकली, तर हा संशय घ्यायचाच. वार काढायला उघड्या हाताने जो जाईल त्याला पुढे महिनोन् महिने ताप येत-जात राहतो, सांधे धरतात, घाम फुटतो आणि गावात मलेरिया-टायफॉइडच्या गोळ्या चालू राहतात. टाकलेला गाभ, वार कुत्र्यांना न टाकता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची. या रोगावरची लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांनाच आणि एकदाच टोचतात. ती जिवंत जंतूंची असते, त्यामुळे टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर टोचणाऱ्यालाच रोग होऊ शकतो. वासरू नीट धरून देणं हे मालकाचं काम का महत्त्वाचं, ते यावरून समजावं. अवखळ वासराच्या समोर विद्यार्थ्याला एकटं सोडून चहा ठेवायला जाऊ नये.

शिबिराला आलेल्या मुलांना मालकाने विचारायला हरकत नाही: रेबीजची लस घेतलीय का, हातमोजे आहेत का? त्यात अपमान कुणाचा होत नाही.

कॉलेजबाहेर शिकण्याची ठिकाणं

ज्या मुलांना सुट्टीत किंवा पदवीनंतर जास्तीचं शिकायचं आहे त्यांच्यासाठी महाराष्ट्रातच बरंच आहे. पुणे जिल्ह्यात उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये सुरू केलेली बायफ संस्था आहे. घरपोच कृत्रिम रेतनाचं काम तिने देशभर नेलं. संकरित गायींची पैदास, गोठीत रेतमात्रा, चारा पिकं यांचं काम बघायचं तर हे ठिकाण. फलटणच्या निंबकर संस्थेत जुळी देणाऱ्या 'नारी सुवर्णा' मेंढीवर काम झालं. शेळ्यामेंढ्यांत रस असलेल्यांनी ते बघण्यासारखं आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाची रांजणी, पडेगाव, दहिवडी अशी प्रक्षेत्रं आहेत. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आणि लस तयार करणारी संस्था शेजारीशेजारी आहेत. प्रयोगशाळेच्या कामाची आवड असेल त्याने तिकडचा रस्ता धरावा. देशातली सर्वांत मोठी पशुवैद्यकीय संशोधन संस्था आज उत्तर प्रदेशात इज्जतनगरला आहे, पण तिची सुरुवात १८८९ मध्ये पुण्यातच झाली होती, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

वन्यप्राण्यांची ओढ बऱ्याच मुलांना असते. नागपूरजवळ गोरेवाड्याला वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, त्याचा माफसूशी थेट संबंध आहे. जुन्नर तालुक्यात माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे. उसात सापडलेले बछडे, विहिरीत पडलेले बिबटे तिथे येतात. अशा ठिकाणी स्वयंसेवक म्हणून गेलं की पहिले काही दिवस पिंजरे धुणं, खाणं मोजून देणं, नोंदी लिहिणं हेच काम असतं. बिबट्याला हात लावायला मिळेल म्हणून गेलेला मुलगा हिरमुसून परततो. जो नोंदी नीट लिहितो त्यालाच पुढे डॉक्टर भूल देताना जवळ उभं करतात.

गोव्यात 'मिशन रेबीज' या उपक्रमाने वेगळीच वाट दाखवली. तिथे राज्य सरकारबरोबर घरोघर, गल्लोगल्ली कुत्र्यांचं लसीकरण झालं. देश-परदेशातले पशुवैद्यक आणि विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून आले. जाळी घेऊन कुत्री धरायची, लस टोचायची, रंगाची खूण करायची आणि मोबाइलवर नोंद टाकायची, असं ते काम. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. कोकणातल्या, कोल्हापूर-बेळगावकडच्या मुलांना हे काम बघायला जवळ पडतं. याच कामाशी जोडलेल्या संस्थेचं तमिळनाडूत उटीला प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची शस्त्रक्रिया शिकवतात.

सांगली-सोलापूरच्या ऊस पट्ट्यात गाडीबैलांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत. हंगामात कारखान्याच्या अड्ड्यावर गेलं तर एका दिवसात खांदेसूज, खुरांच्या जखमा, वेसणीच्या जखमा इतक्या दिसतात की वर्गात वर्षभरात दिसणार नाहीत. आषाढी वारीत पालखी मार्गावर पशुसंवर्धन विभाग रथाच्या आणि दिंड्यांच्या बैलांची तपासणी ठेवतो. तिथेही हात लावायला माणसं हवीच असतात. एनएसएसमध्ये नाव घातलेल्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास सेवा आणि सात दिवसांचं निवासी शिबिर करावं लागतं. ते गावात झालं तर दोघांचं भलं. सैन्याची आवड असेल तर रिमाउंट व्हेटर्नरी कोअर आहे. घोडे, खेचरं, श्वानपथकं सांभाळायला तिथे पशुवैद्यक अधिकारी घेतात.

कुठलीही संस्था निवडताना मुलांनी तीन गोष्टी बघाव्यात. तिथे पूर्णवेळ नोंदणीकृत डॉक्टर आहे का? फी घेत असतील तर त्या पैशात राहणं-जेवण आणि शिकवणं काय मिळणार? आणि नसबंदीचं काम असेल तर प्राणी कल्याण मंडळाची मान्यता आहे का? नुसतं रंगीत सर्टिफिकेट देणारी चार दिवसांची शिबिरं निघाली आहेत. त्या कागदाला नोंदणीत काही किंमत नाही.

बारावीच्या आधी काय करता येईल

ज्या मुलामुलीला हे क्षेत्र घ्यायचं आहे त्याने आधी तालुक्याच्या दवाखान्यात आठवडाभर जाऊन बसावं. डॉक्टरांना विचारून, वहीत लिहीत. रक्त, पू, शेण, वास आणि लाथ या पाच गोष्टी झेपतात का ते तिथे कळतं. मुलींना हे जमणार नाही, असं अजूनही काही घरांत म्हणतात. आज गावोगावी मुली पशुधन विकास अधिकारी म्हणून काम करतात आणि अडलेल्या गायी सोडवतात, त्यामुळे त्यावर जास्त बोलण्याची गरज नाही. 'नीट'मध्ये गुण कमी पडले तर पशुसंवर्धनातल्या पदविकेचा रस्ता आहे. त्यातून डॉक्टर होता येत नाही, हे मात्र प्रवेश घेतानाच समजून घ्यावं. महिलांसाठी 'उमेद' अभियानातल्या पशुसखीचं काम आहे. शेळ्या-कोंबड्यांची प्राथमिक काळजी आणि लसीकरणाला मदत त्यात येते.

गावात शिबिर हवं असेल तर

ग्रामपंचायतीने किंवा दूध संस्थेने पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकारी (विस्तार) यांच्या नावाने लेखी अर्ज द्यावा आणि जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या विस्तार शिक्षण विभागाला त्याची प्रत पाठवावी. अर्जात जनावरांची अंदाजे संख्या आणि मुख्य तक्रार लिहावी, उलटणाऱ्या गायी जास्त आहेत की शेळ्यांची करडं मरतायत. त्यावरून कुठल्या विषयाचे प्राध्यापक आणि किती विद्यार्थी आणायचे ते ठरतं. गावाने सोय करायची ती एवढीच: दोन मजबूत खोडे, भरपूर पाणी, साबण, सावली, वीज आणि जनावर धरायला माणसं. सुगीचे आणि लग्नसराईचे दिवस टाळावेत, नाहीतर मुलं येतात आणि जनावरं येत नाहीत. शिबिरात तपासलेल्या प्रत्येक जनावराची चिठ्ठी डॉक्टरांच्या सहीसह मागून घ्यावी आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तपासणी कोण करणार हे त्याच दिवशी विचारून ठेवावं. रात्री-अपरात्री अडचण आली तर शिबिराला आलेल्या विद्यार्थ्याला फोन करू नये. १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, नाहीतर आपल्या दवाखान्याच्या डॉक्टरांना फोन करावा.